समुद्रावर गेलो आणि झड लागली तर?

मनीष नगरच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा: "१३ ते १७ जून तारकर्लीचं बुकिंग झालंय, पैसे परत मिळत नाहीत. बरोबर बायको, नऊ वर्षांची मुलगी, चौदा वर्षांचा मुलगा आणि आईबाबा. बाबा बहात्तर वर्षांचे, गुडघ्याचा त्रास. नागपूर–मडगाव गाडीने कुडाळपर्यंत जाणार. आता जो तो सांगून राहिला की तिकडे पाऊस लागलेला असेल. चार दिवस खोलीत मुलांना काय द्यायचं? कोणते खेळ सोबत न्यावेत?"

गेली अठरा वर्षं मी नागपुरातून कुटुंबांच्या छोट्या सहली कोकणात नेते. हा प्रश्न दर जूनमध्ये येतो आणि ते साहजिकच आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. आपल्याकडे रोहिणी कोरड्या गेल्या, कूलर अजून खिडकीत आहे, म्हणून माणूस समुद्राचं बुकिंग करतो. पण पाऊस तळकोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यातच पोचतो आणि नागपूरला यायला त्याला आणखी आठवडाभर लागतो. म्हणजे आपण उन्हातून पळतो ते थेट त्याच्या पहिल्या जोराच्या सरीत जाऊन उभे राहतो.

तुम्ही विचारलंय खेळांचं. खेळ पत्त्याच्या एका कॅटवर भागतात. खरी अडचण हजार किलोमीटरच्या हिशेबाची आहे. मुंबईचा माणूस पाऊस पाहून "पुढच्या शनिवारी येऊ" म्हणतो. नागपूरचा माणूस दीड दिवस प्रवास करून पोचलेला असतो, वर्षाची रजा त्यात घातलेली असते, त्यामुळे "आलोच आहोत तर पाय तरी भिजवू" हे तिसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यात शहाण्या माणसाच्या तोंडूनही निघतं. माझ्या सुरुवातीच्या एका सहलीत हेच झालं. 'सी फेसिंग' म्हणून घेतलेलं हॉटेल, बावीस माणसं, तीन दिवस पाऊस आणि बसायला जागा म्हणजे जिन्यापुढचा बोळ. तिसऱ्या दुपारी कंटाळलेला एक मुलगा कोणाला न सांगता पाण्याकडे गेला. कमरेएवढ्या पाण्यातून त्याला गावातल्या दोन माणसांनी ओढून आणलं. तेव्हापासून पावसातला घरातला कार्यक्रम मी करमणूक म्हणून आखत नाही. लोकांना पाण्यापासून लांब ठेवण्याचा तो एकच उपाय आहे, असं समजून आखते.

तेव्हा पहिलं काम, निघायच्या आधीच घरात सगळ्यांना स्पष्ट सांगून टाका: या वेळी समुद्रात उतरायचं नाही, समुद्र पाहायचा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ मे अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ताज्या सुरमईचं ताट हे बाबांचं स्वप्नही नागपुरातच बाजूला ठेवा. बंदीत हॉटेलात सुरमई मिळाली तर ती बर्फातली असण्याचीच शक्यता जास्त. त्यापेक्षा खाडीतलं जे आलं असेल ते किंवा सुक्या बांगड्याचं तिखलं मागा. हे आधी कळलं की माणूस रागावत नाही. तिथे गेल्यावर कळलं की प्रत्येक नकार फसवणुकीसारखा वाटतो.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. जूनच्या मध्यात चार दिवस कोरडेही मिळू शकतात, मी पाहिलेत. शिवाय कोकणचा पाऊस आपल्या झडीसारखा नसतो. झड लागली की आपल्याकडे दिवसभर एका लयीत भुरभुर चालते आणि घरातून निघवत नाही. तिथे सर येते ती पत्रा फोडेल अशी, आणि तासाभराने ऊनही पडतं. म्हणून दिवसाचं वेळापत्रक करू नका. अर्ध्या दिवसाचे तुकडे करा आणि उघडीप मिळाली की हातातलं टाकून बाहेर पडा. हवामान खात्याच्या इशाऱ्याचा रंग मात्र रोज सकाळी बघा. पिवळ्याला माझ्या सहली चालू असतात, नारिंगीला मी जवळच्या जवळ जाते, लाल असेल तर गाडी दारातून हलवत नाही. त्याचं कारण समुद्र नव्हे, रस्ता. वाटेतले ओढे रस्त्यावर येतात.

दुसरं अवलंबून आहे घरावर. तुमचं बुकिंग झालंय, तरी मालकांना आजच फोन करून विचारा: छप्पर असलेली पडवी आहे का, आणि ती तुम्हाला वापरता येईल का? सहा माणसं, दोन खोल्या आणि पडवी नाही, ही सहल मला कोणी फुकट दिली तरी मी घेणार नाही. पडवी असली की निम्मा प्रश्न सुटतो, कारण माणसं एकमेकांच्या समोर असतात पण अंगावर नसतात आणि पाऊस दिसत राहतो. समुद्र न दिसणारी पण पडवी असलेली खोली घ्या, असं मी आता सरळ सांगते. सोबत आणखी तीन गोष्टी विचारा. इन्व्हर्टर आहे का, स्वयंपाकघरात मुलांना उभं राहू देतील का, आणि बाबांसाठी संडास पायऱ्या न चढता गाठता येतो का. शेवटचा प्रश्न लोक संकोचाने विचारत नाहीत आणि मग ओल्या पायऱ्यांवर म्हातारं माणूस चार दिवस जीव मुठीत धरून चालतं.

आता प्रत्यक्ष करायचं काय. माझा सगळ्यात जास्त चाललेला उद्योग म्हणजे पाऊस मोजणं. सरळ उभ्या कडांचा एक काचेचा ग्लास किंवा स्टीलचा डबा न्या. वर रुंद, खाली निमुळता असा पेला चालत नाही, माप खोटं येतं. पागोळ्यांपासून आणि झाडापासून लांब, उघड्यावर, दोन विटांच्या मध्ये तो ठेवायचा म्हणजे वाऱ्याने पडत नाही. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिलिमीटर लिहायचे. साडेआठच का, तर हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतं, म्हणजे मुलीला आपला आकडा सरकारी आकड्याशी ताडून बघता येतो. एक बारीक गोष्ट: शाळेच्या पट्टीवर शून्याच्या आधी थोडी मोकळी जागा असते. तेवढी कापून टाका, नाहीतर रोजचा पाऊस तीन-चार मिलिमीटरने कमी भरेल.

आकडा आला की त्याचा अर्थ लावायचा. दिवसात ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला तर तो 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार', २०४.५ च्या पुढे 'अत्यंत जोरदार'. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मुलाला सांगा, नागपूरच्या घराची हजार चौरस फुटांची गच्ची धर आणि शंभर मिलिमीटर पाऊस धर, किती लिटर होतील? उत्तर नऊ हजारांच्या वर जातं. उन्हाळ्यात कॉलनीत येणारा टँकर ज्याने पाहिलाय त्याला ते लगेच डोळ्यांपुढे येतं. आपल्याकडे आख्ख्या पावसाळ्यात मिळून साधारण हजार मिलिमीटर पडतो. कोकण किनाऱ्यावर एकटा जुलै जवळपास तेवढा देतो. हे वाचून कळत नाही, रोज ग्लास रिकामा करताना कळतं.

दुसरा उद्योग बाबांना आणि नातवंडांना एकत्र बसवणारा आहे, म्हणून मला जास्त आवडतो: भरतीचं गणित. सोबत पंचांग किंवा तिथी असलेली दिनदर्शिका न्या. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास आणि पुन्हा पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या जवळपास. यामागचं कारण साधं आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास हा त्याचाच तोंडी हिशेबाला सोपा केलेला आकडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्ही कमी.

हा हिशेब ठोकळ आहे आणि मालवणच्या बाजूला तासाभराचाही फरक निघतो. तो फरक शोधणं हाच खेळ. बाबांनी पाऊणपट काढायची, मुलाने माडांच्या रांगेजवळून (पाण्याजवळून नव्हे) पाणी कुठवर आलंय ते पाहून घड्याळ लिहायचं. समुद्र घरातून दिसत नसेल तर सर थांबल्यावर मोठ्या माणसाने बरोबर जाऊन यायचं. एका सहलीत गोधनी भागातल्या एका आजोबांनी चार दिवसांत चुकीची सरासरी काढली आणि पाचव्या सकाळी भरतीची वेळ दहा मिनिटांच्या फरकाने सांगितली. घरमालकांनी त्यांना जास्तीची सोलकढी पाठवली.

स्वयंपाकघर हा तिसरा आसरा. पाहुण्यांनी तिथे यायला कोकणातल्या घरमालकिणी सहसा नाही म्हणत नाहीत, पण वेळ विचारून जायचं. दुपारी अकरा ते एक त्यांची घाई असते, तेव्हा मध्ये लुडबुड नको. चारनंतर बरं. मुलीला घावणे शिकवायला सांगा. तांदळाचं पीठ, मीठ, पाणी, आंबवायचं काही नाही. पीठ ताकाहून थोडं दाट, बिडाचा तवा चांगला तापलेला, आणि पीठ डावाने पसरायचं नाही तर कडेकडून ओतत आत यायचं म्हणजे जाळी पडते. पहिले तीन फाटतात. फाटलेले आपणच खायचे. मोठ्यांनी तांदळाची भाकरी करून बघावी. आपल्याकडे ज्वारीची भाकरी डोळे मिटून थापणारा हातही तिथे फसतो, कारण उकड काढून गरम असतानाच मळावी लागते. माझ्या भाकऱ्यांचे नकाशे अजूनही होतात.

आता तुमचे खेळ. कॅरम नेऊ नका. तिथल्या दमट हवेत पावडरीच्या गोळ्या होतात आणि सोंगट्या चिखलात चालल्यासारख्या चालतात. पत्ते प्लास्टिकचे घ्या, कागदी दुसऱ्या दिवशी एकमेकांना चिकटतात. सहा जणांत नऊ वर्षांची मुलगी आणि आजोबा दोघांनाही जमेल असं म्हणजे झब्बू आणि बदाम सात. जमिनीवर खडूने पट आखून चिंचोक्यांचा अष्टचंग बाबांना येत असणारच, त्यांनाच शिकवू द्या. चिंचोके घरून न्या. चौदा वर्षांच्या मुलाबद्दल एक वेगळं सांगते: त्याला प्रत्येक गोष्टीत ओढू नका. सकाळी दहापर्यंत झोपू द्या, आणि त्याच्याकडे खऱ्या दोन जबाबदाऱ्या द्या, हवामानाचा रंग सांगायची आणि सहलीचा खर्च लिहायची. मोबाईलवर सिनेमे उतरवून ठेवा, पण त्यांच्यावर भिस्त नको. वादळी वाऱ्यात माड तारांवर पडतात आणि वीज दिवसभर जाते, रेंजही जाते. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते यांच्यानंतर तर कोकणात कित्येक गावं किती तरी दिवस अंधारात होती. साध्या सरीत एवढं होत नाही, पण दोन टॉर्च आणि एक चार्ज केलेला दिवा पिशवीत हवाच.

टॉर्चवरून आठवलं, घराबाहेरचं पण छपराखालचं एक ठिकाण तुमच्यासाठी अगदी वाटेवर आहे: कुडाळजवळचं पिंगुळी. तिथे ठाकर समाजाच्या एका कुटुंबाने आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलंय. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्या आणि चित्रकथीच्या पोथ्या, म्हणजे एकेक चित्र समोर धरून गात गात सांगितलेलं रामायण-महाभारत. ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आधी फोन केला तर खेळ दाखवतात. न सांगता गेलात तर वस्तू बघून अर्ध्या तासात बाहेर याल आणि म्हणाल, काय होतं त्यात. हे पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच करा, कारण त्यानंतर वीज गेली की मुलं आपोआप पुठ्ठा कापून टॉर्चपुढे सावल्या नाचवतात. शेवटच्या दिवशी नेलं तर हा फायदा हातचा जातो.

दुसरं ठिकाण सावंतवाडी. पावसात तारकर्लीहून जायला दोन तास धरा. मोती तलावासमोरच्या राजवाड्यात गंजिफा रंगवणारे आणि लाखकाम करणारे कारागीर बसलेले दिसतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, असे १२० पत्ते. तीन जण खेळतात, आणि दिवसा डाव रामाचा तर रात्री कृष्णाचा. मुलीला हे कळलं की पुढचे दोन तास ती बदाम-किलवरला नावं ठेवेल. हाताने रंगवलेला पूर्ण संच स्वस्त नसतो, उगाच भावात घासाघीस करू नका. परवडत नसेल तर एखादं पान किंवा चितार आळीतली लाकडी फळं घ्या. केळं, पेरू, वांगं इतकं खरं असतं की माझ्या घरी एका पाहुण्याने पेरू उचलून दाताला लावला होता. राजवाड्याची वेळ आणि सुट्टीचा वार निघण्याआधी विचारून घ्या. बाबांना इथे नेता येईल, चालणं फार नाही. पिंगुळीलाही.

रत्नागिरीचं मत्स्यालय आणि थिबा राजवाडा लोक तुम्हाला हमखास सुचवतील. दोन्ही चांगले आहेत. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजाची गोष्ट तर मोठ्या मुलाला आवडेलही. पण तारकर्लीहून पावसात एका दिवसात जाऊन येणं म्हणजे गाडीत बसून पाऊस बघणं. मुक्काम गणपतीपुळ्याला असता तर मी ते पहिलं सांगितलं असतं.

म्हणजे चार दिवसांचा ढाचा एवढाच: सकाळी पावसाचा ग्लास, एका दिवशी पिंगुळी, एका दिवशी सावंतवाडी, मधले दोन दिवस पडवी आणि स्वयंपाकघर, आणि मिळेल त्या उघडिपीत माडांच्या अलीकडून समुद्र. याहून जास्त भरू नका. मुलं एखादी दुपार कंटाळली तर कंटाळू द्या. मी पाहिलंय, साधारण पाऊण तास कुरकुर होते आणि मग त्यांचं त्यांना काहीतरी सुचतं.

सामानाचं एक. जीन्स घरी ठेवा. ती भिजली की नागपूरला येईपर्यंत वाळत नाही आणि बॅगभर वास पसरतो. नायलॉनचे पातळ कपडे, पंधरा फूट दोरी, चिमटे, आणि जुने पेपर. रात्री ओल्या बुटांत पेपरचे बोळे कोंबले की सकाळी घालण्याजोगे होतात. बाबांना रबरी तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल नवी घ्या, पण आजच, म्हणजे निघेपर्यंत ती पायाला बसलेली असेल.

आणि एक तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. पावसाळ्यातला सगळ्यात चांगला छपराखालचा कार्यक्रम तुम्ही तिकिटातच विकत घेतलाय. तुमची गाडी दुसऱ्या दिवशी उजेडात कोकणातून जाते. पावसात तिथे गाड्या सावकाश चालतात. लोक त्याला शिव्या देतात, मी मुलांना खिडकी देते. बोगदे मोजायला सांगा, कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर आहेत, तुम्हाला कुडाळपर्यंतचे लागतील. रत्नागिरीच्या आधी करबुड्याचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा. तो किती मिनिटं चालतो ते मुलाने घड्याळावर बघावं आणि गाडीचा वेग काढावा. रत्नागिरी सुटल्यावर थोड्याच वेळात पानवलचा पूल आहे, खाली चौसष्ट मीटर दरी, ती पावसात धुक्याने भरलेली असते आणि एखाद्या झोताने अचानक उघडते. त्या वेळी डबे उघडून जेवत बसू नका. पोह्यांचा चिवडा नंतरही खाता येतो. आणि कणकवली गेली की मोजणी थांबवून चपला शोधायला लागा, कुडाळला गाडी फार वेळ थांबत नाही आणि बाबांना उतरायला वेळ लागेल.